निर्यातीचे दार आणि लातूरची डाळ

निजामी राजवटीत लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या मालाला वाटेत करोडगिरीच्या नाक्यावर थांबावे लागे. बार्शी इंग्रजी मुलखात आणि लातूर हैदराबाद संस्थानात. त्यामुळे दोन राजवटींची सीमा हीच जकातीचीही सीमा होती. कंपनी सरकार व निजाम यांच्यातील १८०२ च्या व्यापारी कराराने ही जकात मुळात शेकडा पाच अशी बांधलेली होती. ती जाचक होती यात शंका नाही. तथापि ती ठाऊक होती. सौदा करतानाच व्यापाऱ्याला ती हिशेबात धरता येई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, यथावकाश नाके उठले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. लातूर-नांदेडच्या मालाला देशाची बाजारपेठ मोकळी झाली. परंतु देशाबाहेरच्या बाजारपेठेच्या वाटेवर नंतर एक निराळाच नाका उभा राहिला. त्याचा दर कोणाला ठाऊक नसतो, तो केव्हा पडेल हे सांगता येत नाही आणि पडला तर केव्हा उठेल हेही सांगता येत नाही. निर्यातबंदीच्या अधिसूचनेचा हा नाका होय.

लहान व मध्यम उद्योगांनी निर्यात वाढवावी, असे आवाहन सर्व व्यासपीठांवरून सतत केले जाते. त्यासाठी योजना निघतात, समित्या नेमल्या जातात, मेळावे भरतात. हे प्रयत्न निरुपयोगी आहेत असे म्हणता येणार नाही. परंतु मराठवाड्यातील या दोन जिल्ह्यांचा गेल्या वीस वर्षांचा अनुभव पाहिला, तर निराळाच प्रश्न पुढे येतो. लहान उद्योजकाला शासनाकडून खरोखर काय हवे आहे? अनुदान, की भरवसा?

डाळ गिरणीचे अर्थकारण

लातूरची आडत बाजारपेठ तूर, हरभरा आणि सोयाबीन यांच्या उलाढालीसाठी देशभर ओळखली जाते. या बाजारपेठेच्या आधाराने शहरात व परिसरात डाळ गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांतील बहुसंख्य लघुउद्योगाच्या व्याख्येत बसणाऱ्या आहेत. मालक स्वतः सौद्याला उभा राहतो, मुलगा हिशेब पाहतो आणि हमाल, मापाडी व मजूर स्त्रियांवर बाकीचा कारभार चालतो.

तुरीची डाळ होणे ही वाटते तितकी सोपी क्रिया नाही. तूर प्रथम चाळून प्रतवारी केली जाते, मग खरबरीत रुळांवरून काढून तिच्या सालीला चरे पाडले जातात. तिला तेलपाणी लावून मुरत ठेवतात, वाळवतात, पुन्हा सडतात आणि मग ती भरडली जाते. शंभर किलो तुरीपासून साधारणतः सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ मिळते. चुनी आणि टरफल जनावरांच्या खाद्यासाठी विकले जाते. निर्यातीची डाळ द्यायची तर याखेरीज रंगावरून दाणा निवडणारे सॉर्टेक्स यंत्र हवे, पावसाळ्यात उन्हावर विसंबून चालत नाही म्हणून ड्रायर हवा आणि आवेष्टनाची चांगली सोय हवी. ही सर्व गुंतवणूक एका हंगामात फिटणारी नसते. पाच-सात वर्षे परदेशी गिऱ्हाईक टिकेल या अपेक्षेवरच कर्ज काढून ती करावी लागते. निर्यात धोरणातील स्थैर्याचे महत्त्व नेमके येथे आहे.

अकरा वर्षांची बंदी

२७ जून २००६ रोजी केंद्र सरकारने डाळींच्या निर्यातीवर बंदी घातली. त्या वर्षी देशात डाळी महाग झाल्या होत्या आणि बंदीची पहिली मुदत मार्च २००७ पर्यंतच होती. पुढे काबुली हरभऱ्याला सूट मिळाली, सेंद्रिय डाळींना थोडा कोटा मिळाला. मात्र मूळ बंदीची मुदत वर्षामागून वर्ष वाढत गेली. तूर, मूग व उडीद यांची निर्यात १५ सप्टेंबर २०१७ रोजी आणि उरलेल्या सर्व डाळींची त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला मोकळी झाली. काही महिन्यांची म्हणून आलेली बंदी अकरा वर्षांहून अधिक काळ टिकली.

ही बंदी ग्राहकाच्या हितासाठी होती, असे तिचे समर्थन केले जाते. ते वरवर पटण्यासारखे आहे. भारत हा डाळींचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक, सर्वांत मोठा ग्राहक आणि सर्वांत मोठा आयातदारही आहे. ज्या देशाला डाळ बाहेरून आणावी लागते त्याने ती बाहेर का पाठवावी, हा प्रश्न ठरावीक पगारावर घर चालवणाऱ्या शिक्षकाने किंवा कारकुनाने विचारला, तर त्यात वावगे काही नाही. तेव्हा त्याला उत्तर देणे आवश्यक आहे.

पहिले उत्तर अनुभवाचे आहे. बंदी लागू होऊन नऊ वर्षे झाल्यावर, २०१५ च्या सणासुदीत, तूरडाळीचा किरकोळ भाव किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेला. निर्यातीचे दार बंद असतानाच हे घडले. याचा अर्थ उघड आहे. डाळीची महागाई अवर्षण, अपुरा पेरा आणि साठवणुकीतील गोंधळ यांतून येते. निर्यातीचा त्यात वाटा अल्प असतो. बंदी घालून ती रोखता येत नाही, फक्त काहीतरी केल्याचे समाधान मिळते.

दुसरे उत्तर कालक्रमाचे आहे. महागाईमुळे शेतकऱ्यांनी तुरीचा पेरा वाढवला, पाऊस चांगला झाला आणि २०१६-१७ मध्ये विक्रमी पीक आले. भाव ५०५० रुपयांच्या हमीदराखाली घसरला. २०१७ च्या एप्रिलात मराठवाड्यातील खरेदी केंद्रांपुढे तुरीच्या थप्प्या आणि बैलगाड्या-ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या होत्या. त्या वेळी निर्यात मोकळी असती आणि गिरणीवाल्यांचे परदेशी ग्राहक शाबूत असते, तर त्या ओझ्याचा काही भाग हलका झाला असता. दार उघडले ते सप्टेंबरात, म्हणजे शेतकऱ्याने तूर मातीमोल विकून टाकल्यानंतर. महागाईत तत्काळ बंद होणारे आणि मंदीत सावकाश उघडणारे दार उत्पादकाला दोन्हीकडून मारते.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. आखात, इंग्लंड, अमेरिका येथील भारतीय कुटुंबांनी या अकरा वर्षांत डाळ खाणे सोडले नाही. त्यांची गरज दुसऱ्यांनी भागवली. पूर्व आफ्रिकेत मलावी व केनिया येथे तूर भरडण्याचे कारखाने आहेत, दुबईतही आहेत. बाजारपेठेत रिकामी झालेली जागा कोणी ना कोणी भरतेच आणि एकदा भरली की ती परत मिळवण्यासाठी नव्याने झगडावे लागते.

शिवाय आयात करणाऱ्या देशाने निर्यात करू नये, हा सिद्धान्तच अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. हिरे जिथे सापडत नाहीत तेथे सुरत हिऱ्यांना पैलू पाडून जगाला विकते. मोझांबिक किंवा म्यानमारची तूर लातूरला आणून, तिची डाळ करून ती परदेशी पाठवली, तर देशातील डाळीचा एक दाणाही कमी होत नाही. उलट येथील गिरणीला वर्षभर काम आणि मजुराला रोजगार मिळतो. मोझांबिकशी तुरीच्या आयातीचा करार २०१६ मध्ये झाला. २०१७ मध्ये तुरीच्या आयातीवर परिमाणाची मर्यादा आली, मे २०२१ मध्ये ती आयात खुली झाली आणि नंतर खुलेपणाची मुदत वाढत गेली. आयातीचे धोरण एका कारणाने, निर्यातीचे दुसऱ्या कारणाने आणि साठा मर्यादेचे तिसऱ्याच कारणाने ठरत गेले. या तिन्हींच्या मध्ये गिरणी उभी आहे, याचे भान मात्र कोणत्याच अधिसूचनेत दिसत नाही.

सोयाबीनचा धडा

डाळीची कथा अपवादात्मक म्हणावी, तर सोयाबीनची कथा तिच्या शेजारीच आहे. लातूर-नांदेड पट्ट्यात गेल्या तीन दशकांत सोयाबीनने ज्वारी-कापसाची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. सोयाबीनमध्ये तेलाचा अंश शेकडा अठराच्या आसपास असतो आणि उरलेला बहुतेक भाग पेंडीचा. म्हणजे सोयाबीनचा भाव तेलाइतकाच, किंबहुना अधिक, पेंडीच्या मागणीवर अवलंबून असतो. भारतीय पेंड जनुकीय बदल न केलेल्या बियाण्याची असल्याने युरोपात तिला खास ग्राहक आहे. ब्राझील व अर्जेंटिनाच्या स्वस्त पेंडीपुढे टिकण्याचे ते एक बलस्थान होते.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचे भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात होते. कुक्कुटपालकांची अडचण होती आणि ती खरी होती. त्याच महिन्यात केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. हंगाम सुरू होता होता भाव निम्म्याच्या आसपास आले. डिसेंबरात सोयाबीनचे वायदे स्थगित झाले आणि पेंडीवर साठा मर्यादा आली. प्रत्येक निर्णयामागे काही कारण होते. परंतु चार महिन्यांत नियम तीनदा बदलतात, तेथे पुढील हंगामाचा करार कोणत्या भरवशावर करायचा?

नांदेडची हळद, नांदेडचा कापूस

नांदेडची स्थिती थोडी निराळी आहे. उस्मानशाही मिलच्या भोंग्याबरोबर जागे होणारे हे शहर. १९८४ मध्ये येथील संशोधन केंद्रातून बाहेर पडलेल्या 'नांदेड ४४' या संकरित कापसाने भारतभर नाव मिळवले. मात्र कापसाच्या बाबतीतही धोरणाचा लंबक हलतच राहिला. १९७२ पासून राज्याची एकाधिकार खरेदी होती. ती ओसरल्यावर खुला व्यापार आला. पण ५ मार्च २०१२ रोजी केंद्राने कापूस निर्यातीवर अचानक बंदी घातली आणि आठवड्याभरातच ती मागे घ्यावी लागली. आठवड्याची बंदी क्षुल्लक वाटेल. परंतु बंदरात अडकलेल्या गाठींचे भाडे आणि मोडलेला शब्द यांची किंमत लहान जिनिंगवाल्याच्या वर्षाच्या नफ्याएवढी असू शकते.

आज नांदेडची आशा हळद आणि केळी यांवर आहे. अर्धापूरची केळी आखातापर्यंत जातात. नांदेड, हिंगोली व वसमतचा पट्टा हळदीसाठी प्रसिद्ध आहे. जगातील हळदीच्या उत्पादनात भारताचा वाटा पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक आणि व्यापारात बासष्ट टक्क्यांहून अधिक आहे. २०२२-२३ मध्ये देशाने दीड लाख टनांहून अधिक हळद निर्यात करून सुमारे २० कोटी ७४ लाख डॉलर मिळवले. म्हणजे किलोमागे अवघा सव्वा ते दीड डॉलर. एवढा मोठा मक्तेदार इतक्या अल्प किमतीवर समाधान मानतो, याचे कारण माल बहुतांशी कच्चा किंवा साधी भुकटी करून जातो, हे आहे. राष्ट्रीय हळद मंडळाची घोषणा २०२३ मध्ये झाली व जानेवारी २०२५ मध्ये त्याचे मुख्यालय शेजारच्या निजामाबादला सुरू झाले. ते नांदेडपासून फार दूर नाही. तथापि मंडळ जवळ आल्याने बाजार जवळ येतोच असे नाही. कीटकनाशकांच्या अवशेषांची विश्वसनीय तपासणी, प्रक्रियेची सोय आणि कोणत्या शेतातला माल कोणत्या पोत्यात आहे याची नोंद, या तीन गोष्टी नसतील तर हळद पूर्वीप्रमाणेच दुसऱ्याच्या नावाने परदेशी जाईल.

सवलतीचा हिशेब

आता शासनाच्या नेहमीच्या उपायाकडे, म्हणजे सवलतीकडे वळू. वीस टन तूरडाळीच्या एका कंटेनरचे उदाहरण घ्या. त्यासाठी सुमारे अठ्ठावीस टन, म्हणजे २८० क्विंटल तूर लागेल. २०२५-२६ च्या ८००० रुपयांच्या हमीदराने तिची किंमत २२ लाख ४० हजार रुपये होते. ही रक्कम बाजारात रोख मोजावी लागते. परदेशी खरेदीदाराचे पैसे येण्यास मात्र तीन महिने लागू शकतात. शेकडा बारा दराने तीन महिन्यांचे व्याज ६७,२०० रुपये. निर्यात कर्जावरील व्याज सवलतीची जी योजना २०१५ मध्ये सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली, तिच्यातील शेकडा तीनची सवलत या रकमेवर धरली तर वाचतात १६,८०० रुपये.

आता असे समजा की माल तयार असताना अचानक बंदी आली, तो देशातच विकावा लागला आणि किलोमागे केवळ पाच रुपयांची तूट आली. वीस हजार किलोंवर ती तूट एक लाख रुपये होते. म्हणजे सहा कंटेनरांवर मिळून जेवढी व्याज सवलत मिळेल, तेवढी एका बंदीत बुडते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे यापेक्षा निराळे काय असते?

अनुदानाच्या वाटेवर आणखी एक अडथळा आहे. दरडोई उत्पन्नाची विशिष्ट मर्यादा ओलांडलेल्या देशांना थेट निर्यात अनुदाने देता येत नाहीत, असा जागतिक व्यापार संघटनेचा नियम आहे. अमेरिकेच्या तक्रारीवरून ऑक्टोबर २०१९ मध्ये संघटनेच्या पंचमंडळाने भारताविरुद्ध निर्णय दिला. भारताने त्यावर अपील केले. परंतु २०२१ पासून जुनी प्रोत्साहन योजना जाऊन निर्यातीवरील कर परताव्याची नवी योजना आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या निर्यात प्रोत्साहन अभियानासाठी सहा वर्षांत २५,०६० कोटी रुपयांची तरतूद आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि हा पैसा मोठ्या निर्यातदारांच्या हिशेबवहीत जिरतो, की लातूरच्या गिरणीपर्यंत पोहोचतो, यावरच त्याचे यश मोजावे लागेल.

करता येण्याजोगे

मग उपाय कोणता? पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. बंदीऐवजी नियमाने चालणारी जकात असावी. देशातील भाव ठरावीक पातळीच्या वर गेला तर निर्यातीवर अमुक टक्के शुल्क आणि खाली आला तर ते आपोआप शून्य, असे कोष्टक हंगामापूर्वी जाहीर करावे. त्यात ग्राहकाचे संरक्षण आहे आणि उत्पादकाला हिशेबही करता येतो. ज्या सौद्यांचे पतपत्र आधीच उघडले आहे, ते कोणत्याही निर्बंधातून वगळावेत.

दुसरा उपाय सामुदायिक सोयींचा. महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९९१ मध्ये द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' उभी केली. सुरुवातीला युरोपात माल नाकारला गेला. शीतकरण व प्रतवारी सुधारत बागाईतदार शिकत गेले. पुढे प्रत्येक बागेची नोंद ठेवणारी 'ग्रेपनेट' पद्धत आली. २०१० मध्ये रसायनाच्या अवशेषांवरून पुन्हा मोठा फटका बसला, तरी धंदा बुडाला नाही, कारण मागे संघटना व प्रयोगशाळा होती. अशीच नोंद हळदीला व डाळीला का असू नये? लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकन हा केवळ दाखला. त्यामागे तपासणी आणि पुरवठा नसेल तर तो चौकटीत लावण्यापुरताच राहतो.

तिसरा उपाय वाहतुकीचा. मराठवाड्याने मनमाडला माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत भरण्यात आणि मिरज-लातूर अरुंदमापी मार्गावर दिवस घालवण्यात पिढ्या खर्च केल्या. लातूर-कुर्डुवाडी मार्ग २००८ मध्ये रुंदमापी झाला. जालन्याच्या ड्राय पोर्टची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली, समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. ही कामे महत्त्वाची आहेत. परंतु दोन्ही नांदेड-लातूरपासून दूर आहेत. मुंबईजवळचे बंदर लातूरहून सुमारे पाचशे किलोमीटर आहे. सीमाशुल्काची तपासणी आणि कंटेनर भरणे स्थानिक पातळीवर होईल, तरच लहान गिरणीवाल्याला मुंबईच्या दलालावाचून व्यवहार करता येईल.

जिल्ह्यालाच निर्यात केंद्र करण्याची कल्पना २०१९ मध्ये पुढे आली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या स्थापन झाल्या. १९७८ मध्ये जिल्हा उद्योग केंद्रे निघाली तेव्हाही असाच उत्साह होता. या समितीला जिल्ह्याचा निर्यात आराखडा करता येतो, मात्र दिल्लीच्या अधिसूचनेतील एक ओळही तिला बदलता येत नाही. निदान कोणताही निर्बंध घालण्यापूर्वी संबंधित जिल्ह्यांच्या समितीचे म्हणणे ऐकण्याचे बंधन असावे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष रुपयांत मोजला होता. निर्णयाच्या टेबलावर मराठवाड्याला जागा नसणे हाही अनुशेषच आहे. तो कोणत्याही कोष्टकात दिसत नाही इतकेच.

चौथा उपाय शिक्षणसंस्थांच्या हाती आहे. लातूर पॅटर्नने हजारो डॉक्टर व अभियंते घडवले. परंतु परदेशी बँकेचे पतपत्र वाचणारा, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राचा अर्ज भरणारा, निर्यात पतविम्याचे नियम समजावून सांगणारा तरुण गावातल्या गिरणीवाल्याला शोधून सापडत नाही. १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेतून दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात आणि नोकरीसाठी पुण्याची वाट धरतात. त्यांना सहा महिन्यांचे व्यावहारिक शिक्षण स्थानिक गिरण्यांत व हळद बाजारात मिळाले, तर दोघांचेही भले होईल.

अखेर प्रश्न पुन्हा पगारदार ग्राहकापाशी येतो. डाळ स्वस्त हवी, ही त्याची अपेक्षा न्याय्य आहे. परंतु ती स्वस्ताई शेतकऱ्याचा भाव पाडून आणि गिरणी बंद पाडून मिळणार असेल, तर ती फार दिवस टिकत नाही. भाव पडलेल्या वर्षानंतर शेतकरी तूर पेरत नाही आणि त्यापुढच्या वर्षी तोच ग्राहक दुप्पट भावाने डाळ विकत घेतो. २०१५ आणि २०१७ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहिली की हे चक्र डोळ्यांपुढे उभे राहते. ते थांबवायचे तर निर्यातीचे दार सदैव सताड उघडे ठेवावे असे नाही. करोडगिरीच्या नाक्यावर शेकडा पाच मोजताना लातूरच्या व्यापाऱ्याला निदान किती मोजायचे हे माहीत होते. स्वतंत्र देशाच्या शासनाने आपल्या लहान उद्योजकाला तेवढी तरी खात्री द्यावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.